‘संभ्रम’ नावाचा अपराध

५.४ सेंटिमीटर. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्राथमिक अहवालातील हा आकडा आहे. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत उत्तराखंडातील जोशीमठ शहराचा मध्यभाग इतका खाली गेला, असे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसत होते. त्याआधीच्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात मिळून तो सुमारे नऊ सेंटिमीटर खचला होता. खचण्याचा वरचा टोकाचा बिंदू जोशीमठ–औली रस्त्याजवळ, २,१८० मीटर उंचीवर असल्याचेही अहवालात नमूद होते. आकडे, नकाशे आणि उपग्रहचित्रे यांपलीकडे त्यात काहीही नव्हते. कोणावर आरोप नव्हता, धोरणावर टीका नव्हती, एक विशेषणही नव्हते.

१३ जानेवारीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे एक पत्र देशातील सुमारे डझनभर संस्थांकडे गेले. इस्रो, रुरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, अशी नामांकित मंडळी त्या यादीत होती. संस्था आपापली माहिती समाजमाध्यमांवर आणि वृत्तपत्रांत देत आहेत, स्वतःचे अर्थ लावत आहेत, त्यामुळे बाधित रहिवाशांतच नव्हे तर देशभरातील नागरिकांत संभ्रम निर्माण होत आहे, असा त्या पत्राचा आशय होता. तज्ज्ञगटाचा अंतिम अहवाल येईपर्यंत कोणीही माध्यमांशी बोलू नये, असे सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी ५.४ सेंटिमीटरचा तो अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला होता.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. घरांच्या भिंतींना भेगा जात होत्या आणि बंदोबस्त झाला तो भेगा मोजणाऱ्यांचा.

या पत्रातला कळीचा शब्द ‘संभ्रम’ हा आहे आणि त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्यावर वाजवी निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतील, ते अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून सांगितले आहे. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी. ही यादी लांबलचक आहे आणि ती फारच सैल असल्याची तक्रार जुनी आहे. तरीही ‘संभ्रम’ तिच्यात नाही. नागरिक गोंधळतील म्हणून त्यांना वस्तुस्थिती कळू देऊ नये, अशी मुभा घटनाकारांनी कोणत्याही कार्यालयाला दिलेली नाही.

मुळात संभ्रम कोणाला झाला होता? जोशीमठ हे जनगणनेनुसार जेमतेम सतरा हजार वस्तीचे गाव. बद्रीनाथ, हेमकुंड आणि औलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा तो मुक्काम. तिथल्या लोकांना जमीन खचते आहे हे सांगायला उपग्रहाची गरज नव्हती. दारे चौकटीत बसेनाशी झाली होती, अंगण दुभंगले होते. २ जानेवारीच्या रात्री मारवाडी भागात डोंगराच्या पोटातून गढूळ पाण्याचा लोट फुटला, तोही त्यांनीच पाहिला. प्रशासनाने पुढे केलेल्या पाहणीत ८६८ इमारतींना भेगा आढळल्या आणि त्यांतील १८१ असुरक्षित क्षेत्रात मोडल्या. राहत्या घरावर लाल फुली मारलेली पाहणाऱ्या माणसाच्या मनात संभ्रम नसतो, प्रश्न असतात. किती खचले, कोठवर खचेल, कशामुळे, परत येता येईल का? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडे थोडीबहुत होती, त्यांनाच तोंड बंद ठेवायला सांगितले गेले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवादही ऐकून घ्यावा, कारण तो पोकळ नाही. रडार-उपग्रह एकाच जागेवरून दोनदा जातो, दोन्ही वेळच्या परावर्तित लहरींच्या कलेतील फरक मोजला जातो आणि त्यावरून जमीन किती हलली हे सेंटिमीटरच्या अचूकतेने काढता येते. परंतु हे मोजमाप उपग्रहाच्या दृष्टिरेषेतले असते. तीव्र उतार, झाडी, बर्फ आणि हवेतील बाष्प यांमुळे त्यात चुका शिरतात, म्हणून जमिनीवरील नोंदींशी ते पडताळावे लागते. अशा कच्च्या आकड्याचा मथळा झाला तर लोक घाबरतील, असे प्राधिकरणातील एखाद्या अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटले असेल. आपत्तीच्या काळात माहितीचा एक अधिकृत स्रोत असावा, हेही जगभर मान्य असलेले तत्त्व आहे.

हे सगळे मान्य करूनही पत्राचे समर्थन होत नाही. आकडा कच्चा असेल तर त्याच्याशेजारी तो कच्चा का आहे हे लिहायचे असते. अनिश्चितता किती, पडताळणी केव्हा, पुढची नोंद कधी, हे सांगणारा माणूस रोज सायंकाळी लोकांसमोर उभा करायचा असतो. चक्रीवादळाच्या वेळी भारतीय हवामानशास्त्र विभाग नेमके हेच करतो. वादळाच्या संभाव्य मार्गाभोवती अनिश्चिततेचा शंकू काढून तो नकाशा जाहीर केला जातो आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील मच्छीमार तो समजून घेतात. मच्छीमाराला शंकू कळतो, मग गढवालच्या हॉटेलचालकाला सेंटिमीटर का कळू नये? अधिकृत स्रोत असणे आणि इतर सारे स्रोत बंद करणे यांत फरक आहे. जोशीमठात दुसरी गोष्ट झाली, आणि पहिली पुरेशी झालीच नाही.

बरे, हे संकट अचानक उद्भवले असेही नाही. १९७६ मध्ये गढवालचे तत्कालीन आयुक्त एम. सी. मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लिहून ठेवले होते की, जोशीमठ हे मूळ खडकावर नसून जुन्या भूस्खलनाच्या वाळू-दगडांच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे. तेथे मोठी बांधकामे नकोत, उतारावरील मोठे दगड खणून वा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था करावी, अशा शिफारशी त्या समितीने केल्या. डिसेंबर २००९ मध्ये ५२० मेगावॉटच्या तपोवन–विष्णुगाड जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात खोदयंत्राने डोंगरातला एक जलधर फोडला. दररोज सहा ते सात कोटी लिटर पाणी वाहून जाऊ लागले. त्यावर मे २०१० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एम. पी. एस. बिष्ट आणि पियूष रौतेला यांनी लिहिलेल्या टिपणाचे शीर्षकच जोशीमठावर घोंगावणाऱ्या आपत्तीबद्दल होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराखालून खडक आणि हिमाचा प्रचंड कडा कोसळला. ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली, त्यांतील अनेक जण याच प्रकल्पावरचे कामगार होते. २०२३ मधील खचण्याशी आपल्या बोगद्याचा संबंध नसल्याचे प्रकल्प उभारणाऱ्या एनटीपीसीने ठामपणे सांगितले. ते खरे असू शकते. पण ते खरे आहे की नाही हे ठरवण्याचा मार्ग खुल्या पुराव्यांतून जातो, आणि पुरावे कुलूपबंद असतात तेव्हा निर्दोष असलेल्यालाही निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही.

तज्ज्ञ संस्थांचे अहवाल तयार होऊन सरकारकडे गेले, ते तिथेच राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाला विचारावे लागले की, तज्ज्ञांनी तयार केलेले अहवाल जनतेपासून गुप्त ठेवण्याचे कारण काय. कारण सापडले नाही. त्यानंतर काही दिवसांतच ते खुले झाले. आकाश कोसळले नाही. लोकांनी ते वाचले, काहींनी त्यांतील निष्कर्षांवर आक्षेप घेतले, काही भूवैज्ञानिकांनी परस्परांचे अर्थ खोडून काढले. विज्ञानात याला संभ्रम म्हणत नाहीत, चर्चा म्हणतात.

हा सारा प्रकार एका विशिष्ट सरकारच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरलेला बरा. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केला. तेव्हा दिल्लीत दुसरा पक्ष सत्तेवर होता. अहवाल मंत्रालयाच्या कपाटात पडून राहिला. केरळातील एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तेव्हा नकार मिळाला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर करण्याचा आदेश दिला, तर मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे हार झाल्यावर मे महिन्यात तो प्रसिद्ध झाला. ज्या समितीचे सारे म्हणणेच हे होते की, निर्णय ग्रामसभांनी माहितीच्या आधारे घ्यावेत, तिचा अहवाल ग्रामसभांपासून नऊ महिने लपवला गेला. पुढे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ माणसे गेली, आणि बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला वायनाडच्या डोंगरांत त्याहून भीषण दरड कोसळली. अहवाल वेळेवर खुला झाला असता तर या दरडी टळल्या असत्या, असा दावा कोणी जबाबदार माणूस करणार नाही. ज्यांच्या डोक्यावर डोंगर होता त्यांना डोंगराविषयीचे ज्ञान मागायला न्यायालयापर्यंत जावे लागावे, एवढेच पुरेसे लाजिरवाणे आहे.

एकाधिकारशाही म्हटली की मध्यरात्री दारावर पडणारी थाप डोळ्यांसमोर येते. निकोलाय वाविलोव्ह यांच्या वाट्याला तीही आली. जगभर फिरून धान्याच्या लाखो बियाण्यांचा संग्रह उभारणाऱ्या या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९४० मध्ये अटक झाली, लायसेन्कोच्या सरकारमान्य थोतांडाला विरोध केल्याची ती किंमत होती. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून ते वारले. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट इतक्या नाट्यमय रीतीने सुरू होत नाही. ती एका कागदाने सुरू होते. वुहानमधील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस सहकाऱ्यांना नव्या न्यूमोनियाची सूचना दिली, तेव्हा पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याबद्दलच्या समजपत्रावर सही घेतली. त्या कागदावरही सामाजिक सुव्यवस्था बिघडवल्याचाच ठपका होता. फेब्रुवारीत त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. भारत म्हणजे स्टालिनचा रशिया नव्हे आणि आजचा चीनही नव्हे. येथे न्यायालये अहवाल खुले करायला लावतात, येथे असे लिहिताही येते. मात्र कागदाची भाषा ओळखीची वाटू लागली, तर तिकडे दुर्लक्ष करण्याइतकी ही तुलना दूरची उरत नाही.

भारतापुरती ही भाषा नियमांतच मुरलेली आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील. त्यातला नववा नियम सांगतो की, ज्यामुळे सरकारच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका होण्याचा परिणाम होईल, असे मताचे किंवा वस्तुस्थितीचे कोणतेही विधान सरकारी सेवकाने जाहीरपणे करू नये. मताचे ठीक, पण वस्तुस्थितीचे? नियम लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा फाइली चालवणारा कारकून असावा. तोच नियम भूकंपशास्त्रज्ञाला, साथरोगतज्ज्ञाला, भूजल मोजणाऱ्याला लावला की त्याचा अर्थ फार गंभीर होतो. नदी प्रदूषित आहे हे वस्तुस्थितीचे विधान आहे. मुलांमध्ये रक्तक्षय वाढला हेही आहे. कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या विधानांना नियमात सूट आहे, परंतु कर्तव्य कोठे संपते हे वरिष्ठ ठरवतात. सरकारी नोकरीत शिरल्याने माणूस अभिव्यक्तीचा हक्क गमावत नाही, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. त्या निकालाची प्रत किती प्रयोगशाळांच्या सूचनाफलकावर लागली असेल?

मग घडते ते असे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेचे संचालक के. एस. जेम्स यांना जुलै २०२३ मध्ये निलंबित करण्यात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते, आणि त्याच्या पाचव्या फेरीत रक्तक्षय वाढल्याचे व उघड्यावर शौच अजून संपले नसल्याचे आकडे होते. निलंबनामागे भरतीतील अनियमितता असल्याचे सरकारी स्पष्टीकरण होते. आकड्यांवरील नाराजी हेच खरे कारण असल्याचा संशय अनेक अभ्यासकांनी जाहीरपणे व्यक्त केला. निलंबन नंतर मागे घेतले गेले आणि त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. कारण कोणतेही असो, देशातील प्रत्येक सांख्यिकी अधिकाऱ्याने त्या घटनेतून कोणता बोध घेतला असेल, हे कळायला सर्वेक्षण नको.

गप्प बसवण्याची किंमत प्राणांत मोजली गेल्याचे उदाहरण याच देशात आहे. १९४३ च्या बंगालमधील उपासमारीत सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अमर्त्य सेन यांचा अंदाज आहे. ‘दुष्काळ’ अधिकृतपणे जाहीर झाला नाही, त्यामुळे दुष्काळ संहितेतील मदतकार्य लागू झाले नाही. युद्धकालीन सेन्सॉरशिप असताना ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या रस्त्यांवरील भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे लंडनपर्यंत हलचल झाली. मुक्त वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही, हा सेन यांचा निष्कर्ष या इतिहासातून आला. छायाचित्र छापण्यावर तेव्हाही आक्षेप हाच होता की, लोक बिथरतील.

या आक्षेपात माणसाविषयीची एक कल्पना दडलेली आहे, आणि प्रतिष्ठेचा प्रश्न तेथे येतो. सामान्य माणूस मतदान करू शकतो, कर भरू शकतो, खचणाऱ्या घरातून अर्ध्या तासात बाहेर पडून निवारा केंद्रातल्या एका खोलीत थंडी काढू शकतो. पण आकडा ऐकू शकत नाही. त्याला सत्य मात्रेमात्रेने, अंतिम झाल्यावर, शिक्का मारून द्यावे लागते. ही काळजी नव्हे. ही प्रौढ माणसाला अज्ञान ठरवण्याची पद्धत आहे आणि तिच्यात अपमान दोघांचा आहे, ज्याला ऐकू दिले जात नाही त्याचा आणि ज्याला बोलू दिले जात नाही त्याचाही. आयुष्याची वीस वर्षे हिमालयाच्या उतारांवर घालवलेल्या भूवैज्ञानिकाला दोन ओळींच्या पत्राने मुका करता येतो, याचा अर्थ त्याच्या ज्ञानाची किंमत राज्ययंत्रणेच्या लेखी एका शिपायाच्या सहीइतकीही नाही.

आणि तो मुका राहतो, हेही सांगायला हवे. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा सिद्धांत वगळला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. जोशीमठच्या पत्रावर त्या तोलाचा सामूहिक आवाज ऐकू आला नाही. डार्विनसाठी बोलणे तुलनेने सोपे होते. मेघनाद साहा यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. दामोदर खोऱ्याच्या नियोजनापासून अणुऊर्जेपर्यंत सरकारला जाब विचारता यावा म्हणून हा भौतिकशास्त्रज्ञ १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेला. नेहरूंसारख्या विज्ञाननिष्ठ पंतप्रधानालाही त्यांनी मोकळे सोडले नाही आणि त्याची व्यक्तिगत किंमत मोजली. आजच्या किती अकादमी-सदस्यांच्या भाषणात नियंत्रक संस्थेचे नाव घेऊन विचारलेला एखादा प्रश्न सापडेल?

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे सांगणारे अनुच्छेद ५१अ(ज) तर प्रत्येक विज्ञानदिनी ऐकवले जाते. ते घटनेत आले ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता आणि विरोधक तुरुंगात होते. चिकित्सक वृत्तीचे कर्तव्य आणि चिकित्सेची बंदी एकाच वर्षी, एकाच राजवटीकडून मिळाली. योगायोगाने मिश्रा समितीचा अहवालही त्याच वर्षीचा.

ही गाठ सोडवायला क्रांती लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४(१)(क) नुसार, जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आजही बंधनकारक आहे. नवव्या नियमातून ‘वस्तुस्थिती’ हा एक शब्द वगळता येतो. सार्वजनिक पैशातून झालेल्या आपत्तीविषयक नोंदी, त्यांतील अनिश्चिततेच्या टीपेसह, ठरावीक दिवसांत खुल्या करण्याचे बंधन संस्थांच्या उपविधींत घालता येते. संशोधक विद्यार्थ्यांना तर त्याहून जवळची गोष्ट करता येईल. आपल्या संस्थेच्या नियमावलीत माध्यमांशी बोलण्याविषयी काय लिहिले आहे ते शोधून वाचावे, आणि पुढच्या संस्था-बैठकीत ते कलम कोणी, कधी व कशासाठी घातले, हे लेखी विचारावे.